दुखापतीनंतर खेळाडूला एक पायरी खाली का पाठवावं?

"डॉक्टर, आता दुखत नाही. उद्यापासून पळू का?" दुखापत झालेली खेळणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांच्या पालकांचा किंवा क्रीडाशिक्षकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "याची विभागाला निवड झाली होती. आता पुन्हा प्रकल्पस्तरावर खेळवायचं म्हणजे मागे गेल्यासारखं नाही का होणार?"

या दुसऱ्या प्रश्नात थोडी नाराजी आणि थोडी लाज असते. आज त्याबद्दलच लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. दुखापतीनंतर खेळाडूला काही काळ खालच्या स्तरावर खेळवणं हा उपचाराचाच भाग आहे. पण तो उपचार आहे हे खेळाडूला स्पष्ट सांगितलं नाही, तर त्याला ती शिक्षा वाटते. आणि शिक्षा वाटली की मुलं दुखणं लपवतात.

दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?

नाही. बहुतेक पुन्हा होणाऱ्या दुखापतींचं मूळ या गैरसमजात असतं.

रोज कडक जमिनीवर पळणाऱ्या मुलाच्या नडगीच्या हाडाला कधी कधी बारीक तडा जातो. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडल्यामुळे हाड मोडतं, तसं हे नसतं. हाडावर रोज थोडा ताण येतो आणि विश्रांतीत शरीर त्याची डागडुजी करत असतं. ताण वाढला आणि विश्रांती कमी पडली की डागडुजी मागे पडते आणि तडा जातो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे चांगला आहे" म्हणून मुलगा पळत राहतो.

विश्रांती घेतली की काही आठवड्यांत दुखणं थांबतं. पण नवीन भरलेलं हाड अजून कच्चं असतं. शिवाय त्या काळात स्नायूंची ताकद कमी झालेली असते, दम कमी झालेला असतो, पायाचा तोल बिघडलेला असतो. म्हणजे वेदना गेलेली असते, पण पाय पूर्ण वेगाच्या शर्यतीसाठी तयार नसतो. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर तर उड्या आणि वळणं असलेल्या खेळात साधारण नऊ महिन्यांच्या आत परतू नये, असं सांगितलं जातं. त्या आधी कितीतरी महिने रुग्ण आरामात चालत असतो.

वेदना थांबणं आणि पूर्ण ताकद येणं यांच्या मध्ये जो काळ जातो, त्यासाठीच खालची पायरी असते.

मोठ्या खेळाडूंनाही खाली यावं लागतं

अमेरिकेत बेसबॉलमध्ये याची पद्धतच ठरलेली आहे. मुख्य संघाच्या खालोखाल त्याच क्लबचे छोटे संघ असतात. जखमी खेळाडू बरा होत आला की त्याला काही सामने छोट्या संघात खेळायला पाठवतात. चेंडू फेकणाऱ्या पिचरला जास्तीत जास्त ३० दिवस आणि इतरांना २० दिवस. या काळात त्याची मुख्य संघातली जागा आणि पगार जात नाही. खेळ चांगला होत नाही म्हणून खाली पाठवणं ही तिथे वेगळी गोष्ट आहे आणि तिचे कागदही वेगळे असतात. खेळाडूला आपण कोणत्या कारणाने खाली आलो, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हेच काम रणजी करंडकासारख्या स्पर्धा करतात. आपल्या विदर्भातल्याच, नागपूरच्या जामठा मैदानावरची दोन उदाहरणं पाहा.

जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ चा आशिया करंडक खेळू शकला नाही. त्यानंतर तो थेट आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला, २३ सप्टेंबर २०२२ रोजी जामठ्यालाच, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. पावसामुळे तो सामना प्रत्येकी आठ षटकांचा झाला आणि बुमराहने दोन षटकं टाकली. दोन दिवसांनी हैदराबादला त्याने चार षटकं टाकली. त्यानंतर पाठ पुन्हा दुखू लागली आणि तो टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकला. जानेवारी २०२३ मध्ये त्याचं नाव पुन्हा संघात आलं आणि काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. मार्चमध्ये पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो मैदानावर परतला ऑगस्ट २०२३ मध्ये.

रवींद्र जडेजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबर २०२२ मध्ये झालं. आंतरराष्ट्रीय संघात येण्याआधी जानेवारी २०२३ मध्ये तो सौराष्ट्रकडून तमिळनाडूविरुद्ध चेन्नईला रणजी सामना खेळला. त्या एका सामन्यात त्याने ४१ हून जास्त षटकं टाकली आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ७ बळी घेतले. सौराष्ट्र तो सामना हरलं. पण जडेजाला हवं होतं ते मिळालं: चार दिवस मैदानावर राहूनही गुडघा टिकतो, याची खात्री. दोन आठवड्यांत, ९ फेब्रुवारीला, जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सुरू झाली. पहिल्याच डावात त्याने ४७ धावांत ५ बळी घेतले, मग ७० धावा केल्या आणि तो सामनावीर ठरला.

एकाची पाठ आणि दुसऱ्याचा गुडघा, त्यामुळे दोघांची थेट तुलना करता येणार नाही. रणजी खेळला असता तर बुमराहची पाठ वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण एक धडा नक्की घेता येतो. सहा षटकांनी पाठीबद्दल फार काही कळत नाही. एकेचाळीस षटकांनी गुडघ्याबद्दल बरंच कळतं.

खालची पायरी हलकी असतेच असं नाही

इथे सावध राहायला हवं. खालचा स्तर म्हणजे कमी ताण, हे खरं नाही. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत गोलंदाज चार षटकं टाकतो, रणजीत चार दिवस राबतो. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये तर हे आणखी दिसतं. प्रकल्पस्तरीय स्पर्धेत चांगला खेळणारा मुलगा शंभर मीटर पळतो, चारशे पळतो, रिलेत असतो, आणि दुपारी कबड्डीतही त्यालाच चढाईला पाठवतात. विभागाला तो फक्त एकाच प्रकारात उतरला असता. मैदान खडबडीत असतं, बूट नसतात किंवा झिजलेले असतात, आणि शाळेला ढाल हवी असते.

म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: मुलाला खालच्या स्पर्धेत पाठवताना तो किती खेळणार, हे आधी कागदावर लिहा. एकच शर्यत, एकच दिवस. "आलाच आहे तर रिलेतही घेऊ" असं नको.

खालच्या स्तरावर आणखी एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे औषधांवर लक्ष. मुंबईच्या पृथ्वी शॉने वयाच्या अठराव्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, पहिल्याच कसोटीत शतक केलं. नोव्हेंबरअखेर सिडनीला सराव सामन्यात घोटा दुखावला आणि तो ऑस्ट्रेलियातून एकही कसोटी न खेळता परतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो मुंबईकडून सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत पुन्हा खेळू लागला. परतीचा मार्ग योग्यच होता. पण त्या स्पर्धेदरम्यान घेतलेल्या चाचणीत टर्ब्युटलीन सापडलं आणि त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेलं, असं त्याचं म्हणणं होतं आणि क्रिकेट मंडळाने ते मान्य केलं. टर्ब्युटलीन आपल्याकडच्या अनेक साध्या खोकल्याच्या बाटल्यांमध्ये असतं. तेव्हा खेळणाऱ्या मुलाने दुकानातून स्वतःच औषध घेऊ नये. आणि डॉक्टरकडे गेल्यावर "मी स्पर्धेत खेळतो" हे आवर्जून सांगावं.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त अवघड का आहे?

हेमलकसा, भामरागड, एटापल्ली या भागातल्या मुलांसाठी पळणं हा फक्त खेळ नाही. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. अनेक घरांत पहिल्या पगाराचा रस्ता या मैदानावरून जातो. भरती निघाली की मुलं अचानक दुप्पट-तिप्पट पळू लागतात, डांबरी रस्त्यावर, जुन्या बुटांत, अर्धपोटी. नडगीचे तडे याच काळात जास्त होतात.

त्या मुलाला "एक पायरी खाली ये" म्हणणं सोपं नाही. त्याला खालची पायरीच नसते. भरती पुन्हा कधी निघेल ते माहीत नाही, वय थांबत नाही. अशा वेळी तो दुखण्याचं इंजेक्शन मागतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: पळण्यासाठी म्हणून इंजेक्शन घेऊ नका. वेदना हा इशारा आहे. तो दाबून पळालात तर बारीक तडा पूर्ण मोडू शकतो. सहा-आठ आठवड्यांचं काम मग सहा-आठ महिन्यांवर जातं आणि ही भरती तर जातेच, पुढचीही धोक्यात येते. त्यापेक्षा तयारी तीन-चार महिने आधी सुरू करणं आणि दुखू लागताच पहिल्या आठवड्यात दाखवणं, हा खरा उपाय आहे.

आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, ते म्हणजे सिकलसेल. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड खराब होऊ शकतं. तेव्हा "पळून दुखतंय" म्हणून महिनोन् महिने मालिश करत बसू नका. रक्ताची तपासणी करा. जे फक्त वाहक आहेत ते खेळू शकतात. पण त्यांनी सराव हळूहळू वाढवावा, भरपूर पाणी प्यावं, कडक उन्हात जिवाच्या आकांताने पळू नये. पळताना पाय गळून गेले किंवा दम लागला तर तिथेच थांबावं, आणि बरं वाटलं नाही तर लगेच दवाखाना गाठावा.

परतीच्या पायऱ्या

नडगीच्या दुखापतीनंतर साधारण असं जावं. नेमकं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं:

१. अर्धा तास भराभर चालून अजिबात दुखत नाही, आणि हाड दाबल्यावरही दुखत नाही.
२. एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं. एक दिवसाआड. रस्त्यापेक्षा मातीवर.
३. सलग हळू पळणं. दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवायचं, साधारण दहा टक्के.
४. त्यानंतरच वेग, मग उड्या आणि वळणं.
५. खालच्या स्तरावरची एखादी स्पर्धा, ठरवलेल्या मर्यादेत.
६. दोन-तीन आठवडे तिथे त्रास झाला नाही, तर मूळ स्तरावर परत.

प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते पाहा. सकाळी दुखलं तर एक पायरी मागे. पोटभर जेवण, डाळ, अंडी, आणि पुरेशी झोप हेही उपचारच आहेत. अर्धपोटी हाड भरत नाही.

रात्री झोपेत दुखणं, बसल्या जागी दुखणं, लंगडणं, तापासोबत हाड दुखणं, किंवा जांघेत दुखणं, यातलं काहीही असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करा. जांघेतलं दुखणं खुब्याच्या हाडातला तडा असू शकतो. एमआरआयसाठी चंद्रपूर-नागपूरकडे जावं लागलं तरी ते टाळू नका.

मुलाला काय सांगाल?

खाली पाठवताना मुलाला तीन गोष्टी सांगा. तू दुखापतीमुळे इथे आहेस, खेळ कमी पडला म्हणून नाही. इतके आठवडे इथे राहायचं आहे. आणि हे हे जमलं की तुझी जागा तुला परत मिळेल.

तिसरी गोष्ट शब्द म्हणून द्यायची असेल तर ती पाळावी लागते. निवड समितीने आणि शाळेने त्या मुलाची जागा काही आठवडे राखून ठेवायला हवी. जागा जाणार हे कळलं, तर कोणताही चौदा वर्षांचा मुलगा "दुखत नाही" असंच सांगेल. मग आमची तपासणी, एक्स-रे, वेळापत्रक काही कामाचं राहत नाही. कारण वाढत्या वयातल्या हाडाबद्दल सर्वात भरवशाची माहिती त्या मुलाकडेच असते आणि ती त्याने बिनधास्त सांगावी, एवढीच आमची गरज असते.

तेव्हा तुमच्या घरात किंवा शाळेत दुखापतीतून उठलेलं मूल असेल, तर "कधी खेळणार?" हे विचारण्याआधी "आज सकाळी पाय कसा होता?" एवढं विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका.