येत्या वर्षी काय ऐकायचे?



वर्ष संपत आले की घराघरांत जमाखर्चाची बोलणी सुरू होतात. मुलीची फी, घरावरचे पत्रे, पतसंस्थेचा हप्ता, जयंतीची वर्गणी. कारकुनीत आयुष्य चालल्यामुळे मला हिशेबाची सवय आहे. पण या हिशेबात एक रकाना कायम कोरा राहतो. येत्या वर्षी आपल्या घरात काय ऐकले जाणार?

कोणी म्हणेल, गाणी ऐकण्याचा कसला हिशेब? भाकरीचा प्रश्न आधी. भाकरीचा प्रश्न आधी, हे खरेच. पण आपल्या समाजाच्या बाबतीत गाणे हा केवळ करमणुकीचा विषय कधी नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हते. बाबासाहेबांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचले ते कानावाटे. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात मुलांना शाळेत घाला, मृत मांस सोडा, दारू सोडा, पाण्यावरचा हक्क मागा, हे विषय भरले. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री जलशाला बसायचा आणि उठताना एखादी रूढी तिथेच टाकून जायचा.

पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मुंबईत मजुरी करणारा हा माणूस लिहा-वाचायला मोठेपणी शिकला आणि त्याने हजारो गाणी लिहिली. २००४ साली ते गेले. त्यांची गाणी आपल्याकडच्या कोणत्या वस्तीत माहीत नाहीत? जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, सगळीकडे आहेत. पूर्वी मुंबईहून येणारा चाकरमानी पिशवीतून कॅसेट आणायचा. आज तीच गाणी मोबाईलवर फुकट मिळतात.

मग अडचण कुठे आहे? गाणी वाढली, पण शब्द ऐकू येईनासे झाले.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीचेच उदाहरण घ्या. डीजेच्या भिंतीपुढे आपली मुले तीन-तीन, चार-चार तास नाचतात. कामगारांच्या आरोग्याचा एक दंडक असा आहे की, ८५ डेसिबलचा आवाज कानाने दिवसाकाठी फार तर आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. भिंतीपुढचा आवाज याहूनही वर जाऊ शकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि दहावीची पोरे त्याच वस्तीत असतात.

तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते विचारतात, इतरांच्या मिरवणुकांत भिंती चालतात, मग उपदेश आम्हालाच का? वर्षातून एकदा आम्ही रस्त्यावर ताठ मानेने निघतो, तेही तुम्हाला खुपते? प्रश्न रास्त आहे. नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे, यात शंका नाही. पण इतरांपेक्षा आपल्या गाण्याचे काम वेगळे आहे. आपल्या गाण्यात सांगणे असते. ते सांगणेच आवाजात बुडाले, तर मिरवणूक मोठी झाली आणि बाबासाहेब मात्र ऐकूच आले नाहीत, असे होईल. म्हणून नव्या वर्षासाठी मी चार कामे सुचवतो. यांतले एकही खर्चिक नाही.

पहिले काम, महिन्यातून एक रविवार घरी बसून ऐकायचे. टीव्ही बंद. सगळ्यांनी मिळून एकच गाणे दोनदा ऐकायचे. पहिल्यांदा नुसते ऐकायचे, दुसऱ्यांदा अर्थ विचारायचा. अडलेला शब्द आजोबांना विचारा, त्यांना नाही आला तर शिक्षकांना विचारा. आपल्या दिनदर्शिकेत यासाठी दिवस भरपूर आहेत. ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, ११ एप्रिलला जोतीराव, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे. १५ मे हा वामनदादांचा स्मृतिदिन आणि १५ ऑगस्ट हा जन्मदिन. १५ जुलै हा शाहीर विठ्ठल उमपांचा जन्मदिन आणि त्याच तारखेला शाहीर विलास घोगरे यांचा स्मृतिदिन येतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. तो धक्का सहन न होऊन चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा ‘जयभीम कॉम्रेड’ हा चित्रपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. तो तीन तासांहून मोठा आहे आणि शाहिरांच्या गाण्यांनी भरलेला आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतेच. त्यातली एक संध्याकाळ या चित्रपटाला द्यावी.

दुसरे काम, आपल्या मातीतल्या कलावंतांना ओळखायचे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. याच गावच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या आजारपणाचा खर्च लोकांच्या मदतीवर भागवावा लागला. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे चांगलेच झाले. पण ज्या ढोलकीवर आपला जलसा उभा राहिला ती ढोलकी कोणत्या जातींच्या घरांतून आली आणि त्या घरांना काय मिळाले, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे. १५ जानेवारीला विठाबाईंचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी त्यांचा आवाज घरात लावा.

तिसरे काम सर्वांत निकडीचे आहे, कारण त्याला मुदत आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या टिपून घ्यायच्या. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर पहाटेची ओवीही थांबली. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या आज्यांना ती येते. त्यांच्या सुनांना अर्धीमुर्धी येते, नातींना येत नाही. या ओव्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, आणि आपल्या वस्त्यांतल्या ओव्यांत बाबासाहेब आणि रमाईही आहेत. ज्या बाईने कधी भाषण ऐकले नाही, तिने बाबासाहेबांना भाऊ मानून जात्यावर गायले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हे मोल फार आधी ओळखले. त्यांनी आणि खेड्यांतल्या त्यांच्या सहकारी बायांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या तिथे मोबाईलवर ऐकता येतात. आधी त्या आपल्या आजीला ऐकवा. ऐकता ऐकता तिला स्वतःच्या आठवतील.

मग टिपायला बसा. ‘आजी, गा ना’ म्हटले की आजी लाजते. जाते असेल तर त्याच्याशी बसवा, नसेल तर धान्य निवडताना बोलते करा. जोडीला तिच्या वयाची शेजारीण घ्या, एकीची ओवी संपली की दुसरीला पुढची सुचते. पंखा बंद करा, मोबाईल हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तिचे नाव, गाव, माहेरचे गाव आणि तारीख बोलून घ्या. माहेर जरूर विचारा, कारण पुष्कळशा ओव्या ती तिथूनच घेऊन आलेली असते. नंतर शंभर पानी वहीत ओवी जशीच्या तशी लिहा, तिची बोली सुधारू नका. तिच्या परवानगीशिवाय कुठे पाठवू नका. सासरबद्दलची एखादी ओवी तिला चारचौघांत नको असेल, तर ती घरातच राहू द्या.

आपल्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना दान दिले, त्यांची नावे तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचेही नाव त्यांत आहे. नाव लिहिले गेले म्हणून आज ती माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या आज्यांची नावे सातबारावर नाहीत, घराच्या उताऱ्यावर क्वचित असतात. निदान वहीत तरी असू द्या.

चौथे काम गावच्या जयंती मंडळासाठी. वर्गणीतल्या दर शंभर रुपयांपैकी दहा रुपये जिवंत गायन पार्टीसाठी बाजूला काढा. एक पेटी, एक ढोलकी, दोन गळे एवढे पुरे. मिरवणूक संपल्यावर विहारासमोर सतरंजी टाकून त्यांना बसवा आणि ठरलेली बिदागी त्याच रात्री हातात द्या. टाळ्यांनी कलावंताच्या घरची चूल पेटत नाही. शक्य असेल तर त्याच व्यासपीठावर वहीतल्या चार ओव्या आजीलाच म्हणू द्या. तिथे डीजे लागणार नाही आणि कोणाला तो आठवणारही नाही.

चारही कामे एकदम जमली नाहीत तरी चालेल. तिसरे मात्र जानेवारीतच सुरू करा. बाकीची पुढच्या वर्षी करता येतील, पण आजीच्या ओव्या पुढच्या वर्षीही ऐकायला मिळतीलच असे नाही. वही घ्यायची, आजीजवळ बसायचे आणि ऐकायचे. या वर्षाचा आपला संकल्प एवढाच असू द्या.

सर्वांना नववर्षाच्या मंगल कामना. जयभीम!