रामेश्वराला १९१४, बीडला २०२५

रामेश्वर हे समुद्रातलं बेट. पांबनच्या खाडीने मुख्य भूमीपासून तोडलेलं. तिथे रेल्वे पोचली १९१४ साली. बीड हे बिंदुसरेच्या काठचं, चहूबाजूंनी जमीन असलेलं जिल्ह्याचं ठिकाण. तिथे पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. पांबनचा नवा पूल आणि बीडची गाडी या दोन्ही गोष्टी मी एकाच वर्षात डोळ्यांनी पाहिल्या, आणि तेव्हापासून या दोन तारखा माझ्या डोक्यातून जात नाहीत. भर समुद्रात खांब रोवून जे काम शंभर वर्षांपूर्वी झालं, ते कोरड्या माळावर व्हायला इतका काळ का लागावा?

पाटोदा तालुक्यातल्या शाळांमध्ये मी उभी नोकरी केली. भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा नकाशा टांगला की मुलं रेल्वेच्या रेघेवरून बोट फिरवायची. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड. निजामाच्या काळातली ही रेघ गोदावरीच्या उत्तरेने जाते आणि गोदावरी ओलांडली की आमचा जिल्हा सुरू होतो. खाली दौंड-सोलापूरची दुसरी रेघ. परळी आणि घाटनांदूर तेवढी पूर्वेच्या कोपऱ्यात रुळावर. मधला सगळा भाग पांढरा. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडची रेघ पुसली का कुणी?" पुसली नव्हती, कधी ओढलीच नव्हती. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक मुलांनी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती कामाधंद्यासाठी पुण्याला गेल्यावर.

पांबनचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. जुना पूल धोकादायक झाल्याने डिसेंबर २०२२ पासून गाड्या अलीकडे मंडपमलाच थांबत होत्या. पूल सुरू झाल्याची बातमी आली तशी आमच्या बचत गटातल्या बायकांनी उचल खाल्ली. "परळीचं ज्योतिर्लिंग दर श्रावणात होतंय, रामेश्वराचं कधी?" पेरण्या उरकल्यावर निघालो. पाटोद्याहून एसटीने जामखेड, तिथून सोलापूर आणि सोलापूरहून मद्रासची गाडी. चेन्नई म्हणायची सवय आमच्यातल्या कुणालाच नाही.

या प्रवासातली एक गोष्ट आधी सांगते, कारण ती वर्तमानपत्रात सहसा येत नाही. एसटीने लांब जायचं असलं की आमच्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. गाडी कुठे थांबेल, थांबली तर आडोसा असेल का, याचा भरवसा नसतो. साठी ओलांडलेल्या, साखरेच्या आणि गुडघ्याच्या दुखण्याच्या बाया कोरड्या घशाने सहा-सहा तास बसतात. सोलापूरला स्लीपरच्या डब्यात शिरल्यावर माझ्या चुलत जावेने सगळ्यात आधी डब्याच्या टोकाचं संडास-मोरी पाहून घेतली आणि परत येऊन घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली. मग पाय लांब करून आडवी झाली. रेल्वेमुळे विकास होतो, उद्योग येतात, ही भाषणं मी पुष्कळ ऐकली. म्हातारी बाई पाणी पिऊन, पाय पसरून, अंगावर पदर घेऊन परमुलखात जाऊ शकते, यासाठीही रेल्वे लागते, हे कुणाच्या भाषणात मी ऐकलं नाही.

धपाटी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि दशम्या यांवर आम्ही वाडी, रायचूर, गुंतकल पार केलं. रायचूरच्या अलीकडे कृष्णा ओलांडताना सगळ्यांनी हात जोडले. पुढे आंध्रात काळी रानं, भुईमूग, मधेच नुसते दगड. "ही आपलीच जमीन की," असं म्हणत बायका खिडकीला चिकटून बसल्या. समोरच्या बाकावर रेणिगुंट्याला उतरणारी एक तेलुगू बाई होती. एकमेकींची भाषा कळत नसताना दोन्हीकडच्या सुना, पाऊस आणि गुडघे यांवर बराच वेळ बोलणं झालं. आमच्याकडची चटणी तिकडे गेली, तिचं आंब्याचं लोणचं इकडे आलं. देश बघायचा तर असा, जमिनीच्या उंचीने, हळूहळू पीक बदलताना बघावा. विमानातून ते दिसत नाही, आणि विमान आमच्यातल्या कुणाला परवडतही नाही.

मद्रासला सेंट्रलवर उतरून एग्मोरला जावं लागतं. तिथून रामेश्वराला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला अजूनही बोट मेल म्हणतात. पूर्वी ही गाडी बेटाच्या टोकाला धनुष्कोडीपर्यंत जायची आणि तिथून प्रवासी बोटीने सिलोनच्या तलाईमन्नारला उतरायचे. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळात समुद्र उसळला आणि धनुष्कोडीला पोचत आलेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट वाहून गेली. गाव उद्ध्वस्त झालं, तिकडची रेल्वे पुन्हा बांधली नाही. पांबनच्या पुलाचेही बहुतेक गाळे वाहून गेले. दुरुस्तीचं काम ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे आलं. कोळ्यांना समुद्रात पडलेले गर्डर सापडले, ते वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत गाडी बेटावर गेली. बेटावर जायचा रस्त्याचा पूल पार १९८८ मध्ये झाला. तोवर त्या बेटाला जमिनीशी बांधणारं एकच बांधकाम होतं, हा रेल्वेचा पूल.

मंडपम सोडल्यावर गाडी मंदावली. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून पाणी, आणि शेजारी गंजलेला जुना पूल. नवा पूल दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. मधला ७२.५ मीटरचा गाळा जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. जुन्या पुलात मधली दोन पाती हाताने फिरवून उघडत. हे सगळं मी बायकांना समजावून सांगत होते, पण ऐकायला कुणी भानावर नव्हतं. ज्या बाईने जन्मभर हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघितली, तिला एवढं पाणी एकदम दिसल्यावर तिथे भूगोल काय ऐकवायचा? "बाई, ह्ये सगळं खारं का?" एवढंच एकीने विचारलं.

बेटं आणि रेल्वे यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी मुंबई बेटावरून सुटून साष्टी बेटावरच्या ठाण्याला थांबली. मुख्य भूमीला ती लागलीही नाही. खाडी ओलांडून रूळ पलीकडे गेले ते त्यानंतर. कोचीला खाडीतला गाळ उपसून विलिंग्डन बेट तयार केलं आणि त्यावरही रेल्वेचं स्टेशन बांधलं. म्हणजे पाणी ही अडचण नव्हतीच. जिथे बंदर होतं, व्यापार होता, सिलोनचा प्रवास होता, तिथे पाण्यावरून रूळ गेले. बीडकडे कापूस होता, ज्वारी होती, माणसं होती, पण राज्यकर्त्यांना घाई वाटावी असं काही नव्हतं. हेच खरं कारण आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. त्यामागे केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंड्यांपर्यंत अनेकांचा पाठपुरावा होता आणि रस्त्यावर बसणाऱ्या, निवेदनं देणाऱ्या साध्या माणसांचाही. मंजुरीच्या वेळी खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो ४,८०५ कोटींवर गेला. दर अर्थसंकल्पात चिमूटभर पैसे यायचे, तेवढ्यात भूसंपादनाचे दर वाढायचे, की पुन्हा अंदाजपत्रक. राज्याने निम्मा खर्च उचलल्यावर काम हललं. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली, तीन वर्षांनी बीडला.

आता याच्याशेजारी कोकण रेल्वे ठेवा. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं, लोकांकडून रोख्यांतून पैसा उभा केला आणि २६ जानेवारी १९९८ ला सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात पूल, पावसाळ्यात कोसळणारे डोंगर. प्रमुख होते तेच श्रीधरन, पांबनवाले. कोकणाबद्दल मला असूया नाही, उलट अभिमान आहे. पण त्या कामाने एक गोष्ट सिद्ध केली. पैसा एकदम आणि अधिकार एका हाती दिला की सह्याद्रीसुद्धा आठ वर्षांत पार होतो. आमच्या बालाघाटाच्या डोंगरासाठी हे कुणी केलं नाही.

गाडी आली, मग आता तक्रार कसली, असं काही जण मला म्हणतात. सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक पाहा. सकाळी ६.५५ ला अहिल्यानगरहून सुटणार, दुपारी १२.३० ला बीडला. दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेसहाला अहिल्यानगरला परत. रविवारी बंद. १६७ किलोमीटरला साडेपाच तास. दुपारी एकच्या गाडीने कोणता विद्यार्थी कॉलेजला जाईल? मुंबईला कॅन्सरच्या तपासणीसाठी निघालेला रुग्ण संध्याकाळी अहिल्यानगरला उतरून रात्र कुठे काढील? अशा वेळापत्रकाची गाडी रिकामी धावली की मग म्हणायला मोकळे, बीडला प्रवासीच नाहीत. प्रवासी आहेत. दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून बीडकडे येणाऱ्या खाजगी ट्रॅव्हल्सचे भाव विचारा. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत उभी असलेली आमची पोरं त्या आठवड्यात पगाराचा केवढा भाग नुसत्या तिकिटावर घालवतात, ते त्यांच्या आयांना माहीत आहे.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मी स्वतः त्याच तिकिटावर फिरते आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण एसटी रेल्वेची जागा घेऊ शकत नाही, ती रेल्वेपर्यंत आणून सोडू शकते. ऊसतोडीचंही मी खोटं बोलणार नाही. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघणारं बिऱ्हाड बैल, झोपडीचं सामान, कोंबड्या यांच्यासह ट्रॉलीतच जाणार, रेल्वेने त्यांचं जाणं थांबणार नाही. पण त्या ट्रॉलीतून शाळा सोडून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी जी कुणी मागे राहून बारावी करते, तिला सकाळी बीडला जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशी गाडी मिळाली तर तिचं शिक्षण टिकेल. शेतमालाचंही तसंच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. झाडावरून उतरवल्यावर ते फार दिवस राहत नाही. पार्सलच्या डब्यातून ते रातोरात मुंबईत उतरलं पाहिजे.

म्हणून मागणं साधं आहे. सकाळी बीडहून निघणारी आणि संध्याकाळी परतणारी गाडी हवी. बीडचा डबा अहिल्यानगरला न थांबता दौंडवरून पुण्यात शिरला पाहिजे. दौंडला कॉर्ड लाइन असल्याने तिथे इंजिन फिरवायचीही गरज नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वडवणी, सिरसाळ्यावरून परळीशी सांधा जुळला पाहिजे, तोही तारीख जाहीर करून. परळीहून विकाराबादमार्गे हैदराबादचा रूळ आधीच आहे. तो सांधा जुळला तर बीड हे शेवटचं स्टेशन राहणार नाही. पुणे आणि हैदराबाद यांच्या मधलं स्टेशन होईल. शेवटच्या स्टेशनावर एखादी डेमू येते, मधल्या स्टेशनावर देशभरच्या गाड्या थांबतात. आमच्या खासदार-आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, फलकावरच्या नावांसाठी भांडण्याऐवजी या सांध्यासाठी एकत्र बसावं.

रामेश्वराची वाळू काशीला नेऊन गंगेत सोडायची, अशी आपल्याकडची रीत आहे. आमच्या बायकांनी ती वाळू डब्यांत भरून आणली आहे. परळीचा सांधा होईपर्यंत थांबू, असं एकीने सुचवलं होतं, पण आमच्यातल्या काहींच्या वयाला तेवढं थांबणं जमणार नाही. तेव्हा थंडी पडली की निघायचं ठरलं आहे. आमच्याच तालुक्यातल्या अमळनेर स्टेशनवर दुपारची गाडी धरायची, संध्याकाळी अहिल्यानगर, तिथून मनमाड आणि मनमाडहून काशीची गाडी. अमळनेरपर्यंत एसटीच, पण या वेळी पाणी पिऊन निघायचं, असं चुलत जावेने सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.