पाच हजारांचा खेळ

खातीपुरा हे जयपूरच्या पश्चिम अंगाचे उपनगर. खाती म्हणजे तिकडच्या बोलीत सुतार. माझी थोरली बहीण तेथे राहते. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा घरात वाद चालला होता तो फराळाचा नव्हे, तर एका कन्सोल गेमचा. माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने वर्षभर खाऊचे पैसे साठवून साडेपाच हजार रुपये जमविले होते, आणि त्यांतील ४,९९९ रुपये एका खेळापायी घालविण्याचा त्याचा मनोदय होता. बहिणीच्या मते तेवढ्या पैशांत त्याला सायकल आली असती. मी स्वतः लहानपणापासून ह्या खेळांची षौकीन. तेव्हा दोन्ही पक्षांनी मलाच पंच नेमले.

भाच्याने आपली वही पुढे केली. प्रत्येक खेळाच्या किमतीस तो किती तास चालतो ह्या संख्येने भागून त्याने दर काढले होते. “मावशी, हा चाळीस तास चालतो. म्हणजे तासाला सव्वाशे रुपये. सिनेमा महाग पडतो की नाही?” गणित निर्दोष होते. परंतु ज्या व्यवसायात शब्दसंख्येवर मोबदला ठरतो, त्यातील मी एक भाषांतरकार! पाने वाढविण्यासाठी मजकूर कसा फुगवितात, हे मला ठाऊक आहे. खेळांतही तेच घडते. उगाच दूरवर धावावयास लावणे, एकच कामगिरी दहा वेळा करविणे, हे तासही त्या वहीत जमेच्या बाजूसच पडतात.

माझ्या वयाच्या वाचकांना कॅसेटचा जमाना आठवत असेल. कॅसेटवर ‘९९९९९९९ खेळ’ असे छापलेले असे, आणि यंत्रात घातल्यावर तेच पाचसात खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. तरीही त्यांतील ‘काँट्रा’ आम्ही भावंडे उन्हाळाभर खेळलो; कॅसेट चालेनाशी झाली की फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसावयाचे. खेळ थोडाच वेळ चालणारा, पण रचना नेमकी. ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील अटारी कंपनीचे. १९८२ साली एका गाजलेल्या चित्रपटावरील ‘ई. टी.’ हा खेळ तिने नाताळच्या विक्रीसाठी जेमतेम पाच आठवड्यांत करवून घेतला. १९८३ मध्ये त्याच्या न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या, आणि २०१४ साली त्यांतील काही उकरून काढण्यात आल्या.

भाच्याला मी दुसरे एक उदाहरण दाखविले, आणि ते पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ रचला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक डोंबारी मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, अशी ही कथा. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. पुढे संस्थापकांपैकी एकीने आपली सदनिका विकून काम चालू ठेवले. २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रथम आला तो निन्टेन्डोच्या स्विच ह्या यंत्रावर, म्हणजे जे यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेही जात नव्हते त्यावर! ऑक्टोबरात तो इतर यंत्रांवर आला. त्यातील वाडे आणि बुरूज राजस्थानी धाटणीचे आहेत. पडद्यावरील झरोके पाहून भाचा उद्गारला, “हे तर आमच्या आमेरसारखे!” दोन संध्याकाळींत त्याने खेळ संपविला, आणि शेवट एकाएकी तुटल्याची तक्रारही केली. तक्रार रास्त आहे. तो खेळ पुण्याचा आहे म्हणून ती लपविण्याचे मला कारण नाही. मात्र त्यानंतर दोन दिवस घरात त्या खेळाखेरीज दुसरी गोष्ट निघाली नाही, आणि ह्याची नोंद करण्यास वहीत रकाना नव्हता.

आता किमतीविषयी. बहिणीचा राग मला अनाठायी वाटत नाही. प्लेस्टेशन ५ हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आले ते ४९,९९० रुपयांना. सोनीचे मोठे नवे खेळ अमेरिकेत ७० डॉलरना, तर येथे ४,९९९ रुपयांना, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने जवळजवळ तेवढ्यालाच. डॉलरचा हिशेब रुपयांत उतरविला. मिळकतीचा उतरविला नाही. संगणकावरील कित्येक खेळ भारतासाठी कमी दराने विकले जातात, तेव्हा हे अशक्य आहे असेही नाही. सरकारने कन्सोलवरील वस्तू व सेवा कर २०१९ च्या आरंभी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, पण खेळाचे मोल मुळातच डॉलरच्या मापाने ठरत असेल, तर ह्या सवलतीने गृहिणीचे समाधान कितीसे व्हावे?

मग पंचाने निवाडा काय दिला? एवढाच की, घ्यावयाचा तर डिस्कचा खेळ घ्यावा. इंटरनेटवरून उतरविलेला खेळ खात्याशी बांधलेला राहतो; तो शेजाऱ्यास देता येत नाही, की विकता येत नाही. डिस्क हातोहात फिरते आणि मन भरल्यावर निम्मेशिम्मे पैसे परत आणते. डिस्कची खाच नसलेली यंत्रे थोडी स्वस्त मिळतात खरी, परंतु ही सोय त्यांत नाही. भाच्याने आणखी दोन मित्रांस गाठले, प्रत्येकी १,६६७ रुपये काढले, आणि खेळ आणला. उरलेले पैसे सायकलीसाठी आईकडे ठेवले आहेत.

चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरल्या. डिस्क तूर्त तिसऱ्या मित्राकडे आहे. भाच्याची पाळी संक्रांतीनंतर.