कळ कोणीं फिरवावी?

आमच्या परभणीस आकाशवाणीचें केंद्र आहे. अशा केंद्रावर कोणतें गाणें किती वेळ असावें, हा वाद एकत्र कुटुंबांत नेहमींचाच. वडीलधाऱ्यांस अभंग व शास्त्रीय गायन हवें, तरुणांस चित्रपटगीतें.

१९५२ सालीं नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर यांनीं शास्त्रीय संगीताच्या कैवारानें चित्रपटगीतें नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलीं. हेतु थोर, परंतु श्रोत्यांनीं कळ फिरविली व ते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत 'विविध भारती' सुरू करून सरकारास तीं गीतें परत आणावीं लागलीं. उलटपक्षीं, १९५५-५६ सालीं पुणें केंद्रानें ५६ गीतांचें 'गीतरामायण' दर आठवड्यास ऐकविलें, तेव्हां कोणाची सक्ती नसतां लोक वेळ साधून ऐकावयास बसत.

हें ठाऊक असूनही आम्हीं स्वगृहीं केसकरांचाच कित्ता गिरविला. चित्रपटगीतांस बंदी करतांच मुलें शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊं लागलीं, आणि सायंकाळच्या अभंगास आमच्याजवळ बसणारें कोणी उरलें नाहीं. आज तीं परगांवीं आहेत. घरांतील कळ सर्वस्वीं आमच्या हातीं आहे.

वाचकहो, कठोपनिषद् श्रेय आणि प्रेय यांतील निवड ज्याची त्याच्यावरच सोंपवितें. ती दुसऱ्यानें करून देतां येत नाहीं. केंद्रचालकांनीं व गृहस्थांनीं दोहोंसही जागा द्यावी. गंगाखेड ही जनाबाईची भूमि. तेथील जात्यावरची ओवी चित्रपटगीताच्या शेजारीं लागली, तर ती कानीं पडावयास मुलें निदान घरांत तरी असतील.