तणनाशक कपाशीचे जनुक तणात जाते का? गंगापूर पट्ट्यातील पिकांच्या अंगाने एक तपासणी

खरीप जवळ आला की कपाशी पट्ट्यात तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याची, म्हणजेच 'चोर बीटी'ची कुजबुज सुरू होते. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने (जीईएसी) या एचटीबीटी कपाशीला व्यावसायिक लागवडीची परवानगी दिलेली नाही. तरीही १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरली आणि विषय राज्यभर गाजला. विरोधकांचा एक मुद्दा तेव्हापासून कायम आहे, की हे जनुक परागकणांतून तणात जाईल आणि मग कशानेही न मरणारे तण तयार होईल. गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज परिसरातील शेतकऱ्यांनी हा मुद्दा आपल्या शेतातील पिके समोर ठेवून तपासायला हवा.

परागकणांतून जनुक जाण्यासाठी दोन वनस्पतींत जवळचे नाते लागते. कपाशीचा पराग लव्हाळा, हरळी, केना किंवा गाजरगवतावर पडला तरी बी धरणार नाही. तेव्हा 'कपाशीमुळे गवताला जनुक लागले' ही भीती निराधार आहे. पण तण दुसऱ्या वाटेने दाद देईनासे होते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की त्यातून वाचणारी मोजकी झाडे बी टाकतात आणि काही हंगामांत शेतात तीच उरतात. अमेरिकेत ग्लायफोसेटला न जुमानणारे राजगिरावर्गीय तण वाढले ते प्रामुख्याने या सततच्या वापरामुळे. आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला, हेही विसरू नये.

कपाशीचे नातेवाईक कोण?

आपण लावतो ती बहुतेक बीटी कपाशी अमेरिकन गटातील असून तिच्यात ५२ गुणसूत्रे असतात. देशी कपाशीत २६ असतात. या दोघींचा संकर सहज होत नाही, झालाच तर रोप सहसा वांझ निघते. भारतातील खऱ्या रानकपाशीही २६ गुणसूत्रांच्याच आहेत. त्यामुळे आपल्याकडे रानात जनुक जाण्याचा धोका कमी आहे.

मात्र वातीसाठी परसात ठेवलेल्या बहुवर्षीय देवकापसाकडे जरा लक्ष द्या. सगळीच झाडे देशी गटातील नसतात. एखादे ५२ गुणसूत्रांच्या गटातील असेल तर बीटीशी त्याचा संकर होऊ शकतो. १९७२ मध्ये धारवाडहून आलेला 'वरलक्ष्मी' हा संकरित वाण अशाच दोन ५२ गुणसूत्री जातींच्या संकरातून तयार झाला होता.

अमेरिकन कपाशीचे मूळ घर मेक्सिको. तेथील रानटी कपाशीत बीटी व तणनाशक सहनशीलतेची जनुके आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पिकाच्या जन्मभूमीत शेतातले जनुक रानात पोहोचते, याचा तो पुरावा.

हाच मुद्दा भारतात वांग्याच्या वेळी आला. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. वांग्यातील विविधतेचे मोठे केंद्र भारतच आहे आणि रानवांग्याशी लागवडीच्या वांग्याचा संकर होतो. (बांधावरची काटेरिंगणी वेगळी, तिच्याशी सहजासहजी संकर होत नाही.) बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्रज्ञान स्वीकारले. आमच्या मते स्थगितीनंतरच्या काळात निदान रानवांग्यांची जिल्हावार नोंद आणि संकराचे प्रमाण यावर जोमाने काम व्हायला हवे होते. नुसती स्थगिती ठेवून प्रश्न सुटत नाही.

खरे नुकसान बियाण्यात

शेतकऱ्याच्या खिशाला चाट बसते ती बियाण्यात. चोर बीटीची पाकिटे अनेकदा संकरित पिकाच्या सरकीपासून, म्हणजे दुसऱ्या पिढीपासून भरलेली असतात. संकरित झाडात ते जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर पुढच्या पिढीत साधारण चारातील एका रोपात ते नसते. तणनाशक फवारले की ते रोप तणाबरोबरच जळते. पाकिटावर नाव-पत्ता नाही, हातात बिल नाही, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? निंदणीची मजुरी परवडत नाही ही अडचण खरी आहे, आणि धोरणकर्त्यांनी ती अजून गांभीर्याने घेतलेली नाही. पण हे पाकीट त्यावर उपाय ठरत नाही.

तुरीचे काय?

घरचे बी ठेवणाऱ्यांसाठी तूर जास्त महत्त्वाची. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बऱ्यापैकी होते. शेजारच्या शेतात वेगळा वाण असेल तर दोन-तीन वर्षांत शेंगांचा रंग, दाणा आणि पक्वतेचा काळ सरमिसळ होतो. आधी पक्व होणारे झाड वाळलेले आणि शेजारचे अजून फुलात, असे दिसले तर बहुधा भेसळ झाली आहे. रानतुरीशीही तुरीचा संकर होतो. पैदासकारांनी रोगप्रतिकार व नरवंध्यत्वासाठी तिचा उपयोग केला आहे, म्हणून डोंगरकडेची रानतूर सरसकट उपटू नये.

बदनापूर संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ किंवा बीडीएन ७१६ सारख्या वाणाचे बी घरी धरायचे असेल, तर दुसऱ्या वाणापासून किमान १०० मीटर अंतर ठेवा. जागा कमी असल्यास बी शेताच्या मधल्या ओळींतूनच निवडा, बांधालगतच्या ओळी बाजारासाठी काढा. फुले येताना आणि शेंगा भरताना अशी दोन वेळा फेरी मारून वेगळी झाडे उपटा. दर तीन वर्षांनी खात्रीचे नवे बी आणा आणि पाकिटाचे लेबल व पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.