थंडीआधी टीएसएच: गांधीबाग झोनपुढे मांडायचे मुद्दे

नागपूरची ओळख उन्हाची. इथल्या थंडीनेही माणसं आजारी पडतात, हे सांगायला गेलं की पटकन कुणाला पटत नाही. पण 29 डिसेंबर 2018 ला या शहराचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. ज्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे किंवा ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी दुबळ्या झाल्या आहेत, त्यांना असे आठवडे जड जातात. त्यातला बराचसा त्रास टाळता येण्याजोगा आहे, आणि तो टाळायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी गांधीबागेत पायी फिरून सापडतात: डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, सेंट्रल ॲव्हेन्यूवरचं मेयो रुग्णालय, महापालिकेचं झोन कार्यालय आणि शेजारचा घाऊक दवा बाजार. मात्र कामाचा हंगाम ठरवून या सगळ्यांना कुणी एकत्र बांधलेलं नाही. त्यासाठी हे मुद्दे.

1. उन्हाळ्याची तयारी या शहराला येते. महापालिकेकडे 2016 पासून उष्माघाताचा कृती आराखडा आहे. हवामान खात्याच्या नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून इशारा आला की पुढची कामं कुणी करायची हे ठरलेलं असतं. थंडीच्या लाटेचा इशाराही तेच केंद्र देतं. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की लाट जाहीर होते. त्या इशाऱ्यात घराघरांतल्या थायरॉइडच्या रुग्णांसाठी एक ओळही नसते. उन्हाळ्यासाठी जे केलं तेच हिवाळ्यासाठी करा, एवढीच मागणी आहे. नवी यंत्रणा उभारा असं कुणी म्हणत नाही.

2. थंडीत नेमकं काय होतं? शरीरात उष्णता किती तयार व्हायची, हे बऱ्याच अंशी थायरॉइडच्या संप्रेरकावर ठरतं. गारठा वाढला की मेंदू थायरॉइडला जास्त काम सांगतो. म्हणूनच निरोगी माणसाचाही टीएसएच (हा निरोप पोचवणारं संप्रेरक) हिवाळ्यात किंचित चढलेला दिसतो. ज्याची ग्रंथीच थकलेली आहे त्याला हे वाढीव काम झेपत नाही, आणि गोळीचा डोस तर ठरलेला असतो. मग अंग गार पडतं, कातडी कोरडी होते, बद्धकोष्ठ वाढतो, आवाज जड होतो, सकाळी पांघरुणातून उठवत नाही. हे सगळं थंडीच्या खात्यावर जमा होतं आणि डॉक्टरांकडे जाणं संक्रांतीनंतरवर ढकललं जातं. थंडीमुळे हा आजार जन्माला येत नाही. उपचारात राहून गेलेली कसर थंडीत उघडी पडते.

फार क्वचित, पण घडतं असं: उपचार सुटलेली वयस्क बाई, गार खोली, त्यात न्यूमोनिया किंवा झोपेची गोळी. ती सुस्त होते, बोलणं अडखळतं, अंग बर्फासारखं लागतं. घरचे म्हणतात, वय झालं, थंडी आहे, झोपू द्या. अशा वेळी झोपू द्यायचं नसतं. ताप मोजायच्या थर्मामीटरवर आकडा नेहमीपेक्षा बराच खाली आला असेल, तर तोही तापाइतकाच धोक्याचा आहे. शेगडी पेटवून दार लावून घेण्याऐवजी रुग्णालय गाठायचं.

3. तपासणी दिवाळीच्या सुमारास व्हावी, जानेवारीत नव्हे. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. डोस बदलला की तो टीएसएचमध्ये पुरता दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात. नागपूरची कडक थंडी साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. तिथून मागे मोजत आलं की तपासणीची वेळ येते ऑक्टोबरचा शेवट, फार तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. जानेवारीत त्रास झाला म्हणून रक्त दिलं, डोस वाढला, तर तो लागू पडेपर्यंत होळी येते. गोळी बरोबर असते, पण हंगाम निघून गेलेला असतो.

ही तपासणी कुणाची करायची? गांधीबागेत मंडप टाकून सरसकट सगळ्यांचं रक्त घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वयोमानाने टीएसएच थोडा वाढतोच, त्यात हिवाळ्याची भर पडते. एका आकड्यावरून माणसाला जन्मभराची गोळी लावणं हा अन्याय आहे. किंचित चढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचा असतो. आधी नंबर लावायचा तो यांचा: गोळी चालू आहे पण वर्षभर टीएसएच केलेला नाही अशा सगळ्यांचा, बाळंतपणाला वर्ष झालेलं नाही अशा आणि तक्रारी असलेल्या बायकांचा, थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेल्यांचा, लिथियम किंवा अमिओडॅरोन घेणाऱ्यांचा, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी इथिओनामाइड घेणाऱ्यांचा, कारण त्या औषधाने थायरॉइड मंदावू शकतं. ही नावं दवाखान्यांच्या आणि क्षयरोग विभागाच्या नोंदींत आधीच आहेत.

आकडा कमी-जास्त वाटला तर आधी विचारावं: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? पुष्कळ बायका हिवाळ्यात त्या घेतात. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. रक्त देण्याआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात. तपासणीच्या कागदावर ही एक ओळ छापायला खर्च किती येतो?

4. 2013 साली देशातल्या आठ शहरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावलेल्यांचं प्रमाण 10.95 टक्के निघालं, आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या भागातल्या शहरांत प्रमाण जास्त होतं. मुंबई आणि गोवा त्या पाहणीत होते, नागपूर नव्हतं. इथलं चित्र कळायला झोनने आपल्या दवाखान्यांतल्या नोंदी एका वहीत मांडल्या तरी मोठी सुरुवात होईल.

5. आता घरातली गोष्ट. गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, हे प्रत्येकीला सांगितलेलं असतं. पण जुन्या वस्तीत सकाळ होते ती नळाला पाणी येतं तेव्हा. बाई उठते, पाणी भरते, गारठलेले हात चहाच्या आधणावर धरते, डबे करते. गोळीची बाटली गॅसच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी. मग एक घोट चहा, त्यावरच गोळी. महिनोन्महिने असं चालतं, टीएसएच खाली येत नाही, आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. चूक डोसाची नसते. थंडीत चहा आणखी लवकर लागतो, आणखी गरम लागतो, म्हणून ही अडचण हिवाळ्यात वाढते.

यावर उपाय आहे आणि तो फार कमी जणींना सांगितला जातो: रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी आणि मग तीच कायम ठेवावी. मोमिनपुऱ्यातल्या बायकांना रमजानमध्येही हीच सोय उपयोगी पडते. बाटली ओट्यावरून हलवून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. वाफेने आणि उजेडाने औषध बिघडतं. आणि थंडी वाजते म्हणून मनानेच एकाच्या दोन गोळ्या घेऊ नयेत. जास्तीच्या डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

6. डागा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांना लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, मिळायलाच हव्यात. पण या दोन्हींमुळे थायरॉइडची गोळी आतड्यात अडकून राहते. मध्ये चार तासांचं अंतर लागतं. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज तशीच वाढलेली असते, म्हणजे कमी पडण्याचा धोका दुप्पट. लोहाच्या गोळीच्या पाकिटावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूत एक शिक्का मारा: ‘थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी’.

डागाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला इजा होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, थायरॉइड आणि ॲड्रिनल या दोन्हींचं काम एकदम मंदावतं. हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळते. अशा बाईचा नुसता टीएसएच पाहिला तर तो चक्क सर्वसाधारण दिसू शकतो, कारण टीएसएच बनवणारी ग्रंथीच दुखावलेली असते. तिची फ्री टी4 (थायरॉइडचं संप्रेरक) आणि सकाळची कॉर्टिसोल (ॲड्रिनलचं संप्रेरक) तपासणी लागते. आणि ॲड्रिनलची कमतरता भरून न काढता तिला आधी थायरॉइडची गोळी सुरू केली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ज्या बाळंतिणीला रक्तस्रावामुळे रक्त चढवावं लागलं, तिच्या डिस्चार्ज कार्डवर ‘दूध किंवा पाळी आली नाही तर परत या’ हे वाक्य असलंच पाहिजे.

7. ॲड्रिनलचा आजार थायरॉइडइतका सर्रास नाही, पण तो वाट पाहत नाही. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याचं एक जुनं कारण क्षय आहे. थकवा, घटतं वजन, उभं राहिलं की चक्कर, मिठाची ओढ, आणि तळहाताच्या रेषा व हिरड्या काळवंडणं ही लक्षणं. हे रुग्ण रोज हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांवर जगतात. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवायचा असतो, सहसा दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही लगेच. हिवाळा हा फ्लू आणि न्यूमोनियाचा काळ. शिवाय क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसोल लवकर संपवतं, म्हणून ते सुरू करताना स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो. हे सगळं लिहिलेलं एक कार्ड रुग्णाच्या खिशात हवं आणि मेयोच्या अपघात विभागात ते ओळखणारा माणूस हवा.

पण ॲड्रिनल दुबळी पडण्याचं आज एक मोठं कारण मनाने घेतलेली स्टेरॉइडं आहेत. हिवाळा आला की दमा आणि सांधेदुखी उसळते. कुठली तरी पुडी येते, दोन दिवसांत गुण येतो. वजन वाढवायच्या गोळ्या येतात, गोरं करणारी मलमं येतात. यातल्या अनेकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखी स्टेरॉइडं असतात. आठवडेच्या आठवडे घेतली की शरीराची स्वतःची ॲड्रिनल ग्रंथी काम सोडून देते. मग पुडी संपते, पैसे संपतात किंवा माणूस गावाला जातो, आणि औषध एकदम तुटतं. त्यातच ताप आला की रक्तदाब कोसळतो. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर नागपूरने काळी बुरशी पाहिली. बेहिशेबी स्टेरॉइड आणि मधुमेह एकत्र आले की काय होतं, हे या शहराला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. 2018 मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड मलमांनाही तोच नियम लावला. गांधीबागेच्या शेजारून विदर्भभर औषध जातं, म्हणून अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात स्टेरॉइडच्या घाऊक विक्रीची बिलं खास तपासावीत. चोख धंदा करणाऱ्या दुकानदारांची याला हरकत असायचं कारण नाही. आणि रुग्णांना सांगायचं ते एवढंच: पुडी घेत असाल तर लपवू नका, आणि एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवा, ते पायरीपायरीने कमी करतील.

8. ‘ॲड्रिनल फटीग’ नावाखाली हिवाळ्यात टॉनिकं विकली जातात. वैद्यकशास्त्रात असा मान्य आजार नाही. थकवा खरा असतो, त्याचं कारण शोधावं लागतं.

9. औषध आणि पैसा. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झालेल्या 384 औषधांच्या यादीत फ्लुड्रोकॉर्टिसोनचीही भर पडली. ॲडिसनच्या अनेक रुग्णांना ते लागतं. यादीत नाव आलं म्हणजे खिडकीवर गोळी मिळाली असं होत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. डागा त्या विभागाचं आहे. मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे तो निर्णय लागू नव्हता. थकलेल्या बाईला हे खात्याखात्यांतलं अंतर कोण समजावणार? टीएसएच, फ्री टी4 आणि कॉर्टिसोल या तीन तपासण्यांपुरता तरी दोन्हीकडे एकच नियम करा.

10. गांधीबागेच्या कापड बाजारातल्या मालकांना एक विनंती. डिसेंबरात लग्नसराई असते, शटर उघडी, फरशी गार, आणि साड्या दाखवणाऱ्या मुली दिवसभर त्याच फरशीवर. पायाखाली जाड सतरंजी आणि टीएसएचच्या तपासणीसाठी पगार न कापता अर्धा दिवस, एवढं करता येईल.

11. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, आणि ते बहुतेक ऐन थंडीत, डिसेंबरात. आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री दोघेही त्या काळात शहरात असतात. प्रश्नांच्या सूचना मात्र बऱ्याच आधी द्याव्या लागतात. म्हणून मध्य नागपूरच्या आमदारांकडे आपलं पत्र ऑक्टोबरात पोचायला हवं. त्यात तीनच प्रश्न असावेत: डागा आणि मेयो इथे हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं किती आठवडे पुरतील एवढी आहेत? गांधीबाग झोनच्या दवाखान्यांत टीएसएच कोणत्या वारी होतो आणि अहवाल किती दिवसांत मिळतो? आणि गेल्या हिवाळ्यात स्टेरॉइडच्या विनाचिठ्ठी विक्रीबद्दल नागपुरात किती दुकानांवर कारवाई झाली? पत्राची एक प्रत झोन कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी.