फॉरवर्ड करणारा हातही दोषीच!



आपल्या पलसाण्यावरून जाणारा महामार्ग बारडोली, व्यारा, नवापूर ओलांडून साक्रीला पोहोचतो. दिवाळीला, लग्नसराईला आपल्यातले कितीतरी जण याच रस्त्याने गावी जातात. त्याच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. मेलेले कोण? बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी. मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाइलवर फिरत होते, तेवढ्यावर त्यांचा जीव गेला.

'अडाणी लोक, दुसरे काय!' असे म्हणून आपण सुशिक्षित मोकळे होतो. ही पळवाट आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापिका शकुंतला बानाजी यांनी पूर्वी हिंदी सिनेमाच्या तरुण प्रेक्षकांचा अभ्यास केला होता. पुढे त्या आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून अशा मेसेजचा शोध घेतला. २०१९ चा त्यांचा अहवाल आपल्याला आरसा दाखवतो. मोबाइल सराईतपणे वापरणारेही खोटे पसरवतात. ज्या समाजाविषयी मनात आधीच अढी असते, त्याच्याविरुद्धचा मजकूर माणूस न तपासता खरा मानतो आणि पुढे ढकलतो. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पण मनातल्या अढीला मर्यादा कोण घालणार?

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. सही जुळली नाही तर पाचशेचा चेकही परत करतो. आणि संध्याकाळी घरी येऊन निनावी मेसेज शंभर घरांत पोहोचवतो! होय, आम्हीही पाठवले आहेत. ते कबूल करूनच लिहीत आहोत.

आपण इथे कोण आहोत, हेही विसरू नका. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस साबरकांठा जिल्ह्यात एका तान्ह्या मुलीवर अत्याचार झाला. आरोपी बिहारचा, एकच. पण द्वेषाचे मेसेज फिरले आणि हजारो हिंदीभाषक कामगार बायकामुलांसह गुजरात सोडून गेले. उद्या 'बाहेरचे' या शब्दाचे बोट आपल्याकडे वळले तर? मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्या आपल्या पोरांना कोण वाचवणार?

काही कार्यकर्ते म्हणतात, निवडणुकीत असे मेसेज कामी येतात, समाज एक होतो. आमचे स्पष्ट उत्तर : दुसऱ्याच्या द्वेषावर एक झालेला समाज उद्या आपसातही फुटतो. मते मागायची तर रेशनकार्ड, घरभाडे, मुलांची शाळा यांवर मागा.

येत्या सभेत मंडळाने ठराव करावा. मंडळाच्या ग्रुपवर नाव, गाव, तारीख नसलेला मेसेज टाकायचा नाही. टाकला आणि खोटा निघाला, तर त्याच ग्रुपवर माफी मागायची. नियम पदाधिकाऱ्यांनाही लागू. ज्यांना हे जाचक वाटते, त्यांनी एकदा गावी जाताना राईनपाड्याला उतरावे.